हवामान-निधी : कर्ज की ऋणफेड?

‘हवामान-निधी’ ही संज्ञा अलीकडे वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. बीदर व कलबुर्गी ह्या सीमावर्ती जिल्ह्यांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना हा विषय परदेशांतील परिषदांपुरता मर्यादित वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आपल्या लोकांपैकी कित्येकांची भाकरी तुरीच्या शेतातून येते, तर कित्येकांची सिमेंटच्या भट्टीतून. हवामान बिघडले तर पहिल्यांचे नुकसान होते आणि ते सुधारण्यासाठी कोळसा सोडावयाचा म्हटले तर दुसऱ्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. ह्या दोघांनाही एकाच मंदिरात उपदेश करावयाचा असल्यामुळे हा विषय नीट समजून घेणे आपणांस अगत्याचे आहे.

१. जबाबदारीचे तत्त्व

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू ह्या खनिज इंधनांच्या ज्वलनाने कर्बवायू निर्माण होतो. त्याचा बराचसा भाग शेकडो वर्षे वातावरणात टिकून राहतो. म्हणून आज कोण किती धूर सोडतो एवढेच पाहून भागत नाही; दोन शतकांत कोणी किती सोडला हेही पाहावे लागते. १९९२ साली रिओ दि जानेरो येथील परिषदेत जो हवामानविषयक करार स्वाक्षरीसाठी खुला झाला, त्यात हे तत्त्व मान्य करण्यात आले आहे. जबाबदारी सर्वांची आहे, परंतु ती सारखी नाही, असा त्याचा आशय होय.

भारत आज एकूण उत्सर्जनात जगात तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे नाकारता येत नाही. परंतु दरडोई हिशेब केल्यास भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे २ टन कर्बवायू येतो. जगाची सरासरी ४ ते ५ टनांच्या दरम्यान आहे आणि अमेरिकन नागरिकाचा वाटा सुमारे १४ टनांचा आहे. ज्यांनी आधी व अधिक घेतले त्यांनी इतरांना साहाय्य करावे, ही अपेक्षा ह्या तत्त्वातूनच निर्माण होते. हवामान-निधीचे मूळ येथे आहे.

२. वचन आणि व्यवहार

२००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ते २०२२ साली, म्हणजे दोन वर्षे उशिरा, प्रथम पुरे झाले. परंतु त्या वर्षी दिलेल्या सार्वजनिक निधीपैकी सुमारे सात-दशांश भाग कर्जाच्या रूपाने होता. अनुदान तीन-दशांशाहूनही कमी होते. २०२४ साली बाकू येथील परिषदेत २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे उद्दिष्ट ठरले. ही रक्कम गरजेच्या मानाने अपुरी आहे, अशी हरकत भारताच्या प्रतिनिधींनी तेथल्या तेथे जाहीरपणे नोंदविली.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपण शेजाऱ्याचे काही देणे लागत असू आणि ते परत केले, तर ती ऋणफेड होय. तेच पैसे आपण त्याला व्याजाने दिले, तर उलट तोच आपला ऋणको होतो. हवामान-निधीचा मोठा भाग ह्या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

ह्याचे उदाहरण आपल्या सीमेलगतच आहे. लातूर, नांदेड व धाराशिव ह्यांसह मराठवाडा-विदर्भातील दुष्काळप्रवण गावांसाठी महाराष्ट्र शासनाने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. शेततळी, ठिबक सिंचन, हवामानाला तोंड देणारे बियाणे अशी उपयुक्त कामे त्यात आहेत. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ साली ४२ कोटी डॉलर दिले, परंतु ते कर्ज होय. त्याच्या अटी बाजारातील कर्जाहून सौम्य असतात, आणि असे कर्ज घेणे चूक आहे असेही नाही. मात्र पाऊस बिघडविण्यात ज्या शेतकऱ्याचा वाटा नगण्य, त्याला सावरण्याचा खर्च अखेरीस त्याच्याच राज्याच्या तिजोरीतून परत जावयाचा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

३. कोळशाशी जडलेले आपले नाते

आता दुसरी बाजू पाहू. २०२३-२४ साली देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून निर्माण झाली. २०२५ च्या मध्यास देशाच्या वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी खनिज इंधनांव्यतिरिक्त इतर साधनांची झाली, ही मोठीच प्रगती आहे. परंतु क्षमता निराळी व प्रत्यक्ष निर्मिती निराळी. सूर्य मावळल्यावर अजूनही भार मुख्यतः कोळशावरच पडतो. जवळच्या रायचूरचे औष्णिक केंद्र १९८५ पासून कर्नाटकाला वीज पुरवीत आहे.

कलबुर्गी जिल्ह्यात ह्याला आणखी एक कारण जोडले जाते. शहाबादी फरशी मराठी घरांना परिचित आहे. त्याच पट्ट्यातील चुनखडीवर वाडी, सेडम व राष्ट्रकूटांची राजधानी असलेल्या मळखेडचे सिमेंट कारखाने उभे राहिले. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते व त्यासाठी कोळसा जाळला जातो. शिवाय तापलेल्या दगडातूनच कर्बवायू बाहेर पडतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली असता ४४ किलो वायू निघून जातो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक भाग ह्या दगडातला असतो. म्हणजे उद्या सर्व भट्ट्या सूर्यशक्तीवर चालविल्या तरी हा वायू थांबणार नाही. तो पकडून साठविण्याचे तंत्र महाग आहे. परक्या निधीची खरी गरज अशा ठिकाणी आहे.

आपल्या देशानेही स्वतःचा पैसा उभा केला होता, हे विसरता कामा नये. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविण्यात आला व त्यातून स्वच्छ ऊर्जेचा निधी निर्माण झाला. २०१६ पर्यंत तो उपकर ४०० रुपयांवर गेला. परंतु २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर ही रक्कम राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळविण्यात आली. श्रीमंत राष्ट्रांना त्यांच्या वचनाची आठवण देताना हा आपला हिशेबही समोर ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

४. निधी कोणापर्यंत पोहोचतो?

बीदर जिल्ह्यात २,५०० मेगावॅटचा सौर ऊर्जा विभाग योजिला गेला आहे. अशा योजनेत काय घडते, हे तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे पाहावयास मिळते. तेथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली. आरंभी एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे ठरले. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला हा आधार झाला. परंतु त्याच जमिनीवर मजुरी करणाऱ्या किंवा शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाला त्या भाड्यात वाटा नाही. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी कितीजण मालक आहेत व कितीजण मजूर, हे आपण जाणतो.

हानी भरून देण्याचीही हीच स्थिती आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये व पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातील गावे व पिके बुडाली. प्रत्येक पूर हवामान-बदलानेच येतो असे म्हणता येणार नाही. धरणांतून सोडलेले पाणी हेही एक कारण असते. तथापि तापलेली हवा अधिक बाष्प धरते व पाऊस अधिक जोराने कोसळतो, हे शास्त्र सांगते. अशा हानीसाठी २०२२ साली शर्म-अल-शेख येथे स्वतंत्र निधी मान्य झाला. त्यात आजवर जमा झालेली वचने गरजेच्या मानाने अत्यल्प आहेत.

५. आपले कर्तव्य

मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी ‘ऋण’ हा शब्द आला आहे. २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस ह्यांनी उत्तरेकडील राष्ट्रे दक्षिणेचे ‘पर्यावरणीय ऋण’ लागतात असे प्रतिपादन केले, आणि २०२५ च्या जयंती वर्षाच्या घोषणापत्रात तोच विचार गरीब देशांच्या कर्जमाफीशी जोडला. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्षाची पार्श्वभूमी ह्यामागे आहे. भूमी देवाची असून माणूस तिच्यावर उपरा आहे, ही ती पार्श्वभूमी होय.

ह्यावरून आपल्या उपदेशाला दोन मर्यादा पाळाव्या लागतील. वाडी-सेडमच्या कामगाराला त्याचा व्यवसाय हेच पाप आहे असे सांगणे अन्यायाचे होईल. भट्टी त्याने उभारली नाही आणि तिच्या नफ्याचा तो धनीही नाही. त्याचबरोबर ‘दोष सारा पश्चिमेचा’ असे म्हणून आपल्या देशाला, आपल्या शासनाला व स्वतःला मोकळे करणे हेही सत्याला सोडून होईल.

गावात एखादी योजना ‘हवामान’ ह्या नावाने येईल, तेव्हा धर्मशिक्षकाने लोकांसमवेत बसून तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा अनुदान आहे की कर्ज? कर्ज असल्यास ते कोण फेडणार? आणि ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याच्या हाती ह्यातून काय पडणार? ग्रामसभेत हे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक प्रौढ ग्रामस्थाला आहे. अर्ज लिहिता येत नाही म्हणून कोणी गप्प बसत असेल, तर त्याचा अर्ज लिहून देणे हेही आपल्या सेवेतच मोडते.