काळोखांतली हांक : हॉजसन कसा वाचावा



एखादा ग्रंथकार आपणांस रुचत नाहीं, तेव्हां पुष्कळदां दोष त्याचा नसतो. आपण त्याच्या घरांत भलत्याच दारानें शिरलेले असतों. विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाच्या बाबतींत माझें असेंच झालें. त्याची ‘दि नाइट लँड’ ही कादंबरी मीं प्रथम हातीं घेतली आणि पन्नास पानांच्या आंतच मिटून ठेवली. त्या एका चुकीमुळें कित्येक वर्षें मी एका चांगल्या लेखकास मुकलों. आपल्या हातून तसें होऊं नये, म्हणून हे चार शब्द.

हॉजसनचा जन्म १८७७ सालीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. मिसरूड फुटण्यापूर्वींच तो समुद्रावर गेला व व्यापारी जहाजांवर त्यानें बरींच वर्षें काढलीं. पहिल्या महायुद्धांत, १९१८ च्या एप्रिल महिन्यांत, ईप्र शहराजवळ तोफेच्या गोळ्यानें त्याचा अंत झाला. तेव्हां त्याचें वय अवघें चाळीस होतें.

त्याच्या विज्ञानकथांतील भीतीचें मूळ या खलाशी जीवनांत आहे. शीड, दोर, धुकें, रात्रीचा पहारा हें सारें तो इतक्या बारकाईनें सांगतो कीं, आपला त्यावर विश्वास बसतो. आणि तो बसल्यावरच एखादी विपरीत गोष्ट हळूच पुढें येते.

म्हणून आरंभ ‘दि व्हॉइस इन दि नाइट’ या १९०७ सालच्या लघुकथेपासून करावा. वारा पडल्यामुळें एक गलबत उत्तर पॅसिफिक महासागरांत खोळंबलें आहे. धुक्यांतून एक होडी येते. आंतला मनुष्य अन्न मागतो, परंतु दिवा दाखवूं नका म्हणून विनवितो. कां, तें मी सांगत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, येथें भूत नाहीं; आहे ती एक बुरशी. या कथेवरून १९६३ सालीं जपानांत ‘मातांगो’ हा चित्रपट निघाला.

त्यानंतर ‘दि घोस्ट पायरेट्स’ (१९०९) घ्यावी. सारी कथा एकाच जहाजावर घडते व साध्या खलाशी बोलींत सांगितलेली आहे. जहाजाच्या भागांचीं नांवें अडलीं तरी थांबूं नये. मग ‘दि हाउस ऑन दि बॉर्डरलँड’ (१९०८) वाचावी. आयर्लंडांतील एका ओसाड जागीं सांपडलेली ती एक वही आहे. वेल्सच्या १८९५ च्या ‘टाइम मशीन’मधील प्रवाशाच्या हातीं यंत्राची कळ असते, येथील वृद्ध मात्र खिडकीशीं नुसता बसलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत काळ धांवूं लागतो, सूर्य विझूं लागतो. त्याच्या हातीं कांहींच नाहीं.

‘दि नाइट लँड’ (१९१२) सर्वांत शेवटीं. सूर्य विझला आहे, उरलेली मनुष्यजात एका प्रचंड पिरॅमिडांत राहत आहे, बाहेर अनंत रात्र आहे. भाषा मुद्दाम जुन्या वळणाची, संवाद जवळजवळ नाहींत, प्रेमवर्णन पाल्हाळिक. तेव्हां रोज दहा-पंधरा पानें पुरेत.

या क्रमाचें कारण शेवटीं उमगतें. पहिल्या कथेंत काळोखांतून एक मनुष्य भाकर मागतो, ती स्वतःपेक्षां आपल्या वाग्दत्त वधूसाठीं. शेवटच्या ग्रंथांत दूरवरून आलेल्या एका स्त्रीच्या हांकेसाठीं एक तरुण सुरक्षित पिरॅमिड सोडून त्याच काळोखांत पाऊल टाकतो. एका हांकेस ओ देण्याइतकें धैर्य मनुष्यांत शेवटपर्यंत राहील काय, हा हॉजसनचा खरा प्रश्न आहे. मीं तो ग्रंथ मिटला, तेव्हां ती हांक मला ऐकूंच आली नव्हती.