मुक्तीची वाट : ११ – गोधडीतला नकाशा

गेला भाग अमेरिकेतल्या सिराक्यूजच्या पोलीस चौकीच्या दारात थांबला होता. पकडलेला फरारी गुलाम जेरी बेड्यांसकट आत आणि बाहेर १ ऑक्टोबर १८५१ ची संध्याकाळ. ते दार फुटायला आणखी एक आठवडा लागेल, कारण मध्येच साताऱ्याहून एक पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न मागे ठेवण्यासारखा नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांची नात न्यू जर्सीत चौथीत शिकते. तिने शाळेत रंगीत कागदाचे चौकोन कापून एक गोधडी चिकटवली आणि व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवली. हा चौकोन म्हणजे पाना, हत्यारे गोळा करा. हे गाडीचे चाक, निघायची तयारी करा. हा अस्वलाचा पंजा, डोंगरातल्या पायवाटेने जा. हे उडते हंस, उत्तरेकडे वळा. गुलाम बायका अशा गोधड्या शिवून कुंपणावर वाळत घालत आणि पळणाऱ्यांना त्यातून वाट कळे, असे तिला शिकवले होते. बाईंना आपल्या आईची वाकळ आठवली : जुन्या लुगड्यांचे थर, कडेने आत वळत जाणारा धावदोरा, चार कोपऱ्यांवर लाल ठिगळे. त्यांनी विचारले आहे, “गोष्ट फार सुंदर आहे, पण खरी आहे का?”

अमेरिकेतल्या शिक्षकांच्या उन्हाळी कार्यशाळांतही हा प्रश्न निघतोच. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेच्या मदतीने चालणाऱ्या या कार्यशाळा ऐतिहासिक स्थळांच्या आसपास भरत आल्या आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठात भरलेल्या कार्यशाळेचा विषयच अंडरग्राउंड रेलरोड, म्हणजे पळणाऱ्या गुलामांना मदत करणारे गुप्त जाळे, हा होता. जवळच पीटरबरोला या जाळ्यातल्या गेरिट स्मिथची इस्टेट आहे आणि ऑबर्नला स्वतः पळून येऊन इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनचे घर. शाळांना सुट्टी लागली की गावोगावचे शिक्षक अशा ठिकाणी आठवडाभर राहतात, सकाळी व्याख्याने ऐकतात, दुपारी ती घरे पाहतात. येताना त्यांच्या पिशवीत आपापले पाठ असतात, आणि त्यांत गोधडीचा पाठ हमखास सापडतो. चौथीच्या मुलांना हा विषय द्यायचा म्हणजे चाबूक, लिलाव, आईपासून तोडलेली मुले हे सगळे आले. त्यात रंगीत कागद आणि कात्री घेऊन शिकवता येईल असा एक धडा मिळाला तर शिक्षक तो जवळ करणारच. त्यात त्यांचा दोष नाही.

गोष्ट आली कुठून, ते मात्र नीट सांगता येते. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या बाजारात ओझेला मॅकडॅनियल विल्यम्स नावाच्या बाई गोधड्या विकत. आपल्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली म्हणून त्यांनी ही सांकेतिक भाषा १९९४ पासून जॅकलिन टोबिन या लेखिकेला सांगितली. टोबिन आणि रेमंड डोबार्ड यांनी १९९९ मध्ये तिच्यावर ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ हे पुस्तक काढले. त्याच्या सहा वर्षे आधी मुलांसाठी ‘स्वीट क्लारा अँड द फ्रीडम क्विल्ट’ हे चित्रपुस्तक आले होते. त्यात एक मुलगी गोधडीवर नकाशाच शिवते. अशा पुस्तकांतून गोष्ट वर्गात गेली आणि तिथून थेट न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपर्यंत. उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यातल्या गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या स्मारकात गोधडीची नक्षी दगडात घडवायचे ठरले आणि सोबत तिचा अर्थ सांगणारा फलकही. २००७ मध्ये इतिहासकारांनी त्यावर जाहीर हरकत घेतली.

हरकतीचे कारण सरळ आहे. अशी सांकेतिक गोधडी एकही सापडलेली नाही. पळून आलेल्यांनी स्वतः लिहिलेली आत्मचरित्रे पुष्कळ आहेत, १९३६ ते १९३८ या काळात पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती सरकारने लिहून घेतल्या, त्यांतही या भाषेचा मागमूस नाही. शिवाय यादीतल्या काही नक्षींची नावे विसाव्या शतकाच्या आधी छापलेली आढळत नाहीत.

यावर कार्यशाळेत कुणीतरी म्हणतेच, की गुप्त गोष्टीचा पुरावा मागे कसा राहील? शंका रास्त आहे. तिचे उत्तर ज्याच्या स्मारकावरून वाद झाला त्या डग्लसच्याच आयुष्यात आहे. तो ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्या एका खलाशाचा दाखला खिशात ठेवून बाल्टिमोरहून आगगाडीने निसटला. १८४५ च्या आत्मचरित्रात त्याने हे मुद्दाम सांगितले नाही. उलट मदतीच्या वाटा चारचौघांत बोलून दाखवणाऱ्या हितचिंतकांवर तो चिडला आहे, कारण त्यांच्या बोलण्याने मालक सावध होत होते. मग गुलामगिरी संपली, आणि १८८१ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, त्याने सगळी हकिगत खुलासेवार लिहिली. १८६५ नंतर तोंड बंद ठेवण्याचे कारणच उरले नव्हते. लोक भरभरून बोलले. त्या सगळ्या बोलण्यात गोधडीची सांकेतिक भाषा नाही.

नसू दे. जे आहे ते कितीतरी मोठे आहे.

फिलाडेल्फियाच्या गुलामगिरीविरोधी कचेरीत विल्यम स्टिल हा कृष्णवर्णीय कारकून होता. ऑगस्ट १८५० मध्ये त्याच्यासमोर अलाबामाहून आलेला पन्नाशीचा एक माणूस येऊन बसला. त्याने स्वतःचे स्वातंत्र्य पैसे देऊन विकत घेतले होते आणि लहानपणी तुटलेल्या आईबापांना तो शोधत होता. बापाचे नाव लेव्हिन, आईचे सिडनी. स्टिल लिहिता लिहिता थांबला असेल, कारण ही त्याच्याच आईबापांची नावे होती. त्याची आई पळाली तेव्हा दोन मुली घेऊन निघाली, दोन मुलगे मागे ठेवावे लागले. ते पुढे दक्षिणेत विकले गेले. विल्यम त्यानंतर मोकळ्या मुलखात जन्मला. समोर बसलेला पीटर त्याचा सख्खा थोरला भाऊ निघाला.

तेव्हापासून स्टिलने येणाऱ्या प्रत्येकाची नोंद अधिकच बारकाईने ठेवली : नाव, वय, मालक कोण, मागे कोण कोण राहिले, नवे नाव काय घेतले. कुणाचा भाऊ, कुणाची आई उद्या शोधत आली तर तिला वहीत माणूस सापडावा म्हणून. १८५० च्या कायद्याने फराऱ्याला मदत करणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती, म्हणजे ही वही बाळगणे हाच धोका. त्याने कागद लपवून जपले आणि १८७२ मध्ये त्यांचा ग्रंथ छापला. पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले.

शिक्षकांच्या हाती गोधडीऐवजी द्यावा असा दुसरा कागद याहून लहान आहे, वर्तमानपत्रातली वीतभर जाहिरात. मेरीलँडच्या एलायझा ब्रोडेस या मालकिणीने ती ३ ऑक्टोबर १८४९ या तारखेने दिली होती. रद्दीत जाता जाता वाचलेल्या अंकात २००३ साली ती पुन्हा सापडली. १७ सप्टेंबरला तिघे पळाले : हॅरी, वय सुमारे १९, बेन, वय सुमारे २५, मिंटी, वय सुमारे २७, तांबूस वर्णाची, दिसायला चांगली, उंची पाच फुटांच्या आसपास. राज्याबाहेर पकडले तर दर माणशी शंभर डॉलर, राज्यात पकडले तर पन्नास.

मिंटी म्हणजे हॅरिएट टबमन.

एवढ्या ओळींवर चौथीचा वर्ग दोन तास काम करू शकतो. पळाल्यावर जाहिरात द्यायला सोळा दिवस का लागले? राज्याबाहेरच्या माणसाची किंमत दुप्पट का? तिचे लग्न होऊन पाच वर्षे झाली होती, ती टबमन झाली होती, तरी मालकीण तिला लहानपणीच्याच नावाने का ओळखते? हॅरी आणि बेन या तिच्याच भावांनी पुढे कच खाल्ली, ती त्यांच्याबरोबर परतली आणि मग एकटी निघाली. जाहिरातीनंतरचे हे सगळे मुलांनी शोधून काढायचे. जिला पकडून देण्यासाठी हा कागद छापला, तिची उंची आज त्याच कागदामुळे कळते.

आता गोधडीबद्दल बाईंना एवढे सांगायला हवे, की सुईदोरा या इतिहासातून वगळायचा नाही. टबमन पळाली तेव्हा वाटेत मदत करणाऱ्या एका गोऱ्या बाईला तिने आपली आवडती गोधडी देऊन टाकली, अशी आठवण तिने म्हातारपणी सांगितली आहे. एलिझाबेथ केकली हिने सेंट लुईसमध्ये शिवणकाम करून मालकाचे घर पोसले, आणि तिथल्याच गिऱ्हाईक बायकांनी पुढे केलेल्या पैशातून १८५५ मध्ये बाराशे डॉलर भरून स्वतःला आणि मुलाला सोडवले. ते पैसे तिने शिवणकाम करूनच फेडले. आणि जॉर्जियाची हॅरिएट पॉवर्स, १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेली. तिने कापडाच्या आकृत्या लावून बायबलातल्या कथा एका गोधडीवर मांडल्या. तंगी आली तेव्हा दहा डॉलर मागितले, पाचावर द्यावी लागली. घेणाऱ्या बाईंनी प्रत्येक चौकोनाचा अर्थ पॉवर्सच्या तोंडून ऐकून लिहून ठेवला. ती गोधडी आज स्मिथसोनियनमध्ये आहे. चौकोनाचौकोनाला अर्थ असलेली गोधडी नातीला पाहायची असेल, तर ही दाखवावी.

आणि आईची वाकळ अजून घरात असेल तर तिचाही एक फोटो पाठवावा. कोणते ठिगळ कुणाच्या लुगड्याचे, हे मागे लिहून.

पुढच्या आठवड्यात सिराक्यूज. ओंडक्याने दार फोडल्यानंतर जेरी काही दिवस एका खाटकाच्या घरात लपून होता, तिथून सुरुवात करू.