राहून झालेली घरे

घर पाडण्याआधी त्याची मोजमापे घेतली जातात. नकाशात भिंती येतात, खिडक्या येतात, चौरस फूट येतात. कोनाड्यातली दिव्याची काजळी येत नाही, की कोण कुठे अंथरूण टाकत असे तेही येत नाही. आमचा पुण्यातला भाड्याचा वाडा पाडला गेल्यापासून मी राहून सोडलेल्या घरांची चित्रे काढते आहे. अशी चित्रे इतरांनी कशी आणि का काढली, याचा शोधही सोबत चालू आहे. त्यातले थोडे इथे मांडते.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ साली दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी एक पिवळे घर भाड्याने घेतले आणि त्याच ऑक्टोबरात आपली झोपायची खोली रंगवली. पुढच्या वर्षी ते घर सुटले. सप्टेंबर १८८९ मध्ये, सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, त्याने त्याच खोलीची आणखी दोन चित्रे केली. त्यांतले लहान चित्र आई आणि बहिणीसाठी होते. पिवळ्या घराचे १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नुकसान झाले; आज ते उभे नाही. खोलीची तिन्ही चित्रे मात्र ॲम्स्टरडॅम, शिकागो आणि पॅरिस इथल्या संग्रहालयांत आहेत.

दुसरे उदाहरण स्वीडनच्या कार्ल लार्सनचे. सुंडबोर्न गावातले लहानसे लाकडी घर त्याला आणि पत्नी कारिनला १८८८ मध्ये तिच्या वडिलांकडून मिळाले. त्या घराच्या जलरंगचित्रांचे ‘एट हेम’, म्हणजे ‘एक घर’, हे पुस्तक १८९९ साली निघाले. उजळ भिंती, खिडकीतली फुलझाडे, लाल-हिरवे सामान पाहून हा माणूस सुखातच वाढला असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे बालपण स्टॉकहोममध्ये कमालीच्या गरिबीत गेले होते. चित्रातली सजावट हे त्या बालपणाला दिलेले उत्तर होते, असे मला वाटते. आणि ज्या घराचे कौतुक झाले, त्यातले पडदे, विणकाम, सामानाची कल्पना यांतले बरेचसे काम कारिनचे होते. घर सजवणारी एक आणि घराचे चित्र सजवणारा दुसरा, हे नातेही या चित्रांत दडलेले आहे.

आपल्याकडच्या चित्रपरंपरेत घर दाखवण्याची एक सोयीची रीत आहे. लघुचित्रात चौक वरून दिसतो, गालिचा सपाट पसरलेला असतो आणि माणसे मात्र बाजूने दिसतात. भिंत आड येत असेल तर चित्रकार ती सरळ काढून टाकतो. एका जागी उभे राहून पाहण्याची सक्ती तिथे नाही. आठवणही अशीच चालते. आपल्याला घर एका कोपऱ्यातून आठवत नाही. ओसरी, माजघर, मोरी, माडी एकदमच आठवतात. म्हणून मी छायाचित्रासारखे चित्र काढत नाही. छप्पर उघडते आणि सगळ्या खोल्या शेजारी शेजारी मांडते.

पद्धत साधी आहे. आधी फोटो न पाहता, उंबरठ्यापासून मनातल्या मनात चालत आराखडा काढायचा. मग त्या घरात राहिलेल्या प्रत्येकाला वेगळा कागद द्यायचा. एकमेकांचे पाहायचे नाही. रंग चार-पाचच घ्यायचे, तेही त्या घरातलेच: निळीचा चुना, गेरू, शेणाने सारवलेली जमीन, पितळ. चौकटीची नक्षी त्या घरातूनच उचलायची. माझ्या वाड्याच्या चित्राला जिन्याच्या कठड्याच्या नक्षीची किनार आहे.

खरी गंमत त्या वेगवेगळ्या कागदांत असते. भावाच्या कागदावर गॅलरी अर्धे घर व्यापून होती आणि स्वयंपाकघर नव्हतेच. आईच्या कागदावर स्वयंपाकघर सर्वांत मोठे. प्रत्यक्षात ती जेमतेम आठ फुटांची खोली होती. मी भावाचा कागद तिला दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “तो तिथे फक्त ताट घ्यायला यायचा. मी तिथे पंचवीस वर्षं उभी होते.” त्यानंतर मोजपट्टी बाजूला ठेवली. चित्रात स्वयंपाकघर आईच्या मापाने आहे आणि गॅलरी भावाच्या.

एक प्रश्न उरतो. शोभेच्या चित्रात घरातल्या दुःखाचे काय करायचे? आमच्या वाड्यात मागची एक खोली होती, बिनखिडकीची. विधवा आजीने तिचे उरलेले आयुष्य तिथे काढले. ती खोली वगळली असती तर चित्र अधिक देखणे झाले असते, पण आमचे झाले नसते. मी ती काळीच ठेवली आणि तिच्याभोवती इतर खोल्यांइतकीच बारीक नक्षी काढली. चित्र भिंतीवर लावले तेव्हा आत्याने आधी त्याच काळ्या चौकोनावर बोट ठेवले. आजीबद्दल ती पहिल्यांदाच तासभर बोलली.

पुनर्विकासात जुनी घरे जात आहेत, जाणारही. छपरे गळतात, जिने खचतात. नव्या घराची गरज खरी असते. पण घर रिकामे होते तेव्हा त्यात राहिलेली माणसेही पांगतात आणि प्रत्येकाजवळ घराचा एकेकच तुकडा उरतो. दिवाळीत भावंडे एकत्र येतात. फराळाची ताटे उचलली की प्रत्येकापुढे एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवून पाहा. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यांपुढे आधी ठेवा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विसरू नका.