पिंपळ, कावळा आणि डोडो

कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय पिंपळ उगवत नाही, असं आपल्याकडे कुणीही छातीठोकपणे सांगतं. पुरावाही डोळ्यांसमोर असतो. गच्चीच्या कठड्यावर, देवळाच्या शिखरावर, जिथे कुणी बी पेरायला जाणार नाही तिथे पिंपळ हमखास उगवलेला असतो. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की बी तिथवर कुणा पक्ष्यानं नेलं. पोटात न जाता ते रुजलंच नसतं, हे काही त्यातून निघत नाही.

खात्री करून घेणं सोपं आहे. पिंपळाची पिकलेली फळं पाण्यात कुस्करायची, गर धुऊन टाकायचा आणि तळाशी बसलेल्या, मोहरीहूनही बारीक बिया ओल्या वाळूवर नुसत्या भुरभुरायच्या. ओल टिकवली की कोंब दिसतात. कावळा लागत नाही.

मग पोट करतं काय? मुख्यतः साफसफाई. गरात आणि बियांवरच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती नसती तर बियांना फळातच कोंब फुटले असते. पपईच्या बिया राखेत चोळून मग पेरतात त्या याचसाठी. बाभळीचं प्रकरण थोडं वेगळं. तिच्या बियांचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. तिथे पोटातून झालेल्या प्रवासाचा खरंच उपयोग होतो, म्हणून शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून बाभळीचं बी गोळा करतात. पण बाभळीचा नियम पिंपळाला लावायचं कारण नाही.

या गैरसमजाला शास्त्रज्ञही बळी पडले आहेत. मॉरिशस बेटावर तंबालाकोक नावाचं झाड आहे. तिथला डोडो पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाला आणि त्याच्या पोटाअभावी या झाडाचं बी उगवेनासं झालं, असं स्टॅन्ली टेंपल यांनी १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. त्यांनी डोडोऐवजी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या. सात चिरडल्या गेल्या, उरलेल्या दहांपैकी तीन उगवल्या. गोष्ट इतकी देखणी होती की पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. मात्र न भरवलेल्या बिया शेजारी लावून पाहायचं राहून गेलं होतं. अशा बिया उगवल्याच्या नोंदी १९४०च्या दशकातच झालेल्या होत्या, आणि डोडोनंतर जन्मलेली झाडंही पुढे आढळली.

दुसरा समज असा, की पक्षी बिया पसरवतात त्या विष्ठेतूनच. सह्याद्रीतला धनेश रानजायफळासारख्या फळांच्या मोठ्या बिया चोचीवाटे बाहेर टाकतो. त्याच्या ढोलीखाली रोपांची दाटी होते, आणि त्या गर्दीत बहुतेक मरतात. तगतात ती सहसा दूर पडलेल्या बियांची.

आणि फळ खाणारा प्रत्येक पक्षी बी पेरतो, असंही नाही. पोपट कित्येक बिया चोचीनं फोडूनच खातो. आपला राज्यपक्षी हरियाल वड-पिंपळाचा भोक्ता, पण त्याच्या पोटातली पेषणी बारीक बियांचं पीठ करते. ज्या पिंपळावर हरियालांचा थवा उतरतो, तिथल्या बऱ्याच बिया तिथेच संपतात. त्याच झाडावरचे बुलबुल, कोकीळ आणि अंधार पडल्यावर येणारी वटवाघळं मात्र त्या धडधाकट बाहेर टाकतात.