बाबागाडी ढकलत मॅरेथॉनची तयारी

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. घरी लेकराला सांभाळायला कुणी नसेल, तर त्याला सोबत घेऊनही सराव होतो. मात्र काही पथ्ये हवीत.

■ गाडी : धावण्यासाठीच बनवलेली, हवा भरलेल्या तीन मोठ्या चाकांची. धावताना पुढचे चाक लॉक करा. गाडीचा पट्टा आपल्या मनगटात हवा आणि बाळाचे पट्टे नीट बांधलेले.

■ वय : बाळ किमान सहा ते आठ महिन्यांचे होईपर्यंत थांबा. मान नीट सावरते का, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

■ रस्ता : पुण्याजवळच्या औद्योगिक सणसवाडीतून जाणारा पुणे–अहिल्यानगर महामार्ग ट्रक-कंटेनरचा, तिथे बाबागाडी नकोच. आतला सपाट रस्ता निवडा, तोही कंपन्यांच्या शिफ्ट बदलण्याच्या वेळा टाळून.

■ वेग : गाडीमुळे नेहमीच्याच वेगाला जास्त दम लागतो. बोलता येईल इतकेच पळा. सर्वांत लांब पल्ला शक्यतो एकट्याने.

■ स्पर्धा : अनेक शर्यतींत बाबागाडीला मनाई असते. नाव नोंदवण्याआधी नियम वाचा.

■ विक्रमी जोडी : अमेरिकेतले डिक हॉइट अपंग मुलगा रिक याला चाकाच्या खुर्चीत ढकलत बॉस्टन मॅरेथॉन ३२ वेळा धावले.