काहींच्याच वाट्याला अपघात

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळे बनवणाऱ्या ६४७ स्त्रियांचे ५ आठवड्यांतले अपघात मोजले गेले. अशा मोजणीसाठी नेहमीचं प्वासाँ प्रारूप सरासरी आणि विचरण सारखंच धरतं. इथे सरासरी ०.४७, विचरण मात्र ०.६९. प्वासाँच्या हिशेबाने ४०६ जणी सुखरूप राहायच्या. राहिल्या ४४७, आणि मोजक्या काहींना चार-चार अपघात! ग्रीनवुड आणि यूल या संख्याशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये प्रत्येकीचा धोका वेगळा मानला. त्यातून आलेलं ऋण द्विपद वितरण आकड्यांना बरंच चपखल बसलं. सोपी पळवाट म्हणजे प्वासाँच ठेवून प्रमाण त्रुटी वाढवणं, इथे सुमारे १.२ पट. पण वितरण जुळलं म्हणून कारण सापडलं असं नाही: एका अपघाताने पुढच्याची शक्यता वाढत असली, तरी आकडे असेच दिसू शकतात.