तीन, एक की दोन? एका आकड्याची गोष्ट

मी जबलपूरच्या कांचघरातून बोलतोय. आमच्या भागाचं नाव काचेचं असलं तरी शहर शस्त्रांच्या कारखान्यांचं आहे. १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी इथली, खमरियाची आयुध निर्माणीही इथलीच. इथल्या कितीतरी मराठी घरांतली माणसं फॅक्टरीच्या भोंग्यावर उठली आणि तिथूनच रिटायर झाली.

आज मला एका साध्या प्रश्नावर बोलायचंय. बंदुकीच्या कायद्याबाबत पुढारी आज एक सांगतात आणि दहा दिवसांनी दुसरं. ते कशामुळे?

दहा दिवस मी उगाच म्हणत नाही. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. तोपर्यंत परवाना असलेल्या माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. ही तीनची मर्यादा १९८३ च्या दुरुस्तीने आली होती. नव्या विधेयकात ती एकावर आणली होती. ९ डिसेंबरला लोकसभेने विधेयक मंजूर केलं, तेव्हा त्यात आकडा होता दोन.

मधल्या काळात काय झालं? वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी हरकत घेतली. गावात, शेतावर राहणाऱ्याला संरक्षण लागतं, वाडवडिलांची बंदूक ही घराची आठवण असते, असं त्यांचं म्हणणं. खेळाडूंचाही प्रश्न होता. सरकार एक पाऊल मागे आलं. १० डिसेंबरला राज्यसभेचीही मंजुरी मिळाली. ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त बंदुका होत्या, त्यांना वर्षभरात जादाची बंदूक जमा करायला सांगितलं. वारशाने आलेली बंदूकही याच दोनात धरायची होती. खेळाडूंना वेगळी सवलत होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी वाढवली.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांच्याकडे तीन बंदुका होत्या. वडिलांची बारा बोअरची दुनाळी, एक रायफल आणि एक रिव्हॉल्वर. दुनाळी गावाकडून आलेली, कित्येक वर्षांत तिचा एक बारही उडाला नसेल. विधेयकाची बातमी आली त्या संध्याकाळी काका मला म्हणाले, "अरे, बाबांची बंदूक मी ठाण्यात नेऊन देऊ का?" आकडा दोन झाल्यावर त्यांनी रायफल दिली आणि दुनाळी ठेवली. मला त्यांचं दुःख खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण त्याच गल्लीतली दुसरी गोष्टही ऐका. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत वरात चालली होती. कोणीतरी हौसेने बार काढला. गच्चीवर उभ्या असलेल्या मुलीच्या दंडाला छर्रे लागले. मुलगी वाचली, पण तो हात अजून पूर्ण वर जात नाही. तिच्या आईवडिलांनी कोणाला पत्र लिहिलं नाही, कोणत्याही खासदाराला भेटले नाहीत. ते दवाखान्याची बिलं भरत होते.

आता याच कायद्यात आणखी काय होतं ते पाहा. लग्नात किंवा समारंभात बेपर्वाईने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रतिबंधित शस्त्रं बेकायदा बनवली, तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. या कलमांवर कोणी सरकारला मागे यायला लावलं नाही. शिक्षा वाढवली की ती दुसऱ्या कोणाला तरी होणार असं प्रत्येकाला वाटतं. बंदुकांचा आकडा मात्र मतदाराच्या कपाटातल्या वस्तूला हात लावतो. म्हणून तिथेच भूमिका हलली.

"बेकायदा शस्त्रांचं आधी बघा," हा आक्षेपही तेव्हा होता, आणि त्यात तथ्य आहे. खुद्द आमच्या जबलपूरच्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोतून एके-४७ रायफली बिहारातल्या मुंगेरपर्यंत पोचल्याचं प्रकरण २०१८ मध्ये उघडकीला आलं आणि तपास एनआयएकडे गेला. पण आमच्या गल्लीतला बार परवान्याच्या बंदुकीतून सुटला होता, हेही खरं.

भूमिका बदलणं ही काही आजची गोष्ट नाही. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने लोकांना नि:शस्त्र केल्याचा तो राग होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. कामत आमच्याच मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. जो तो बाजारात जाऊन हवं ते शस्त्र घेऊ लागला तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. सतरा वर्षांत परिस्थिती बदलली होती, आणि भूमिका का बदलायची याचं कारण सगळ्यांसमोर सांगितलं गेलं.

परदेशातही दोन्ही तऱ्हा दिसतात. अमेरिकेत कर्स्टन गिलिब्रँड ग्रामीण मतदारसंघाच्या प्रतिनिधी होत्या, तेव्हा बंदूकधारकांच्या संघटनेकडून, एनआरएकडून, त्यांना ‘ए’ श्रेणी मिळाली होती. २००९ मध्ये त्या अख्ख्या न्यूयॉर्क राज्याच्या सेनेटर झाल्या आणि पुढे श्रेणी ‘एफ’वर गेली. मतदार बदलले, भूमिकाही बदलली. आपल्या जुन्या मताची लाज वाटते, असं त्यांनी नंतर उघड सांगितलं. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी कडक कायदा आणला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने विकत घेतल्या. त्यांच्याच आघाडीचा ग्रामीण मतदार यावर संतापला होता. हॉवर्ड अंगात बुलेटप्रूफ जॅकेट घालून त्या लोकांसमोर बोलायला गेले, पण मागे हटले नाहीत.

मग आपण काय बघायचं? नेता दबावाखाली बदलला एवढ्यावरून त्याला नावं ठेवू नका. लोकांचं ऐकणं हे तर त्याचं कामच आहे. दोन प्रश्न मात्र विचारा. बदलाचं कारण त्याने उघडपणे सांगितलं का? आणि दबाव टाकणाऱ्यांत कोण होतं, कोण नव्हतं? २०१९ मध्ये काकांची बाजू संसदेत पोचली. गच्चीवरच्या मुलीसाठी एक कलम आलं, पण तिच्या बाजूने आकड्यावर भांडणारं कोणी नव्हतं.

तुमच्या भागात लग्नात बार निघत असतील, तर तुमच्या खासदाराला एक पत्र लिहा. काकांसारख्या लोकांची पत्रं तिथे पोचतात, आपलीही पोचली पाहिजेत. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.